आधी काठावर उभे राहा

गेल्या अंकात बोलता बोलता मी आमच्या कयाक क्लबचा, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्यांच्या क्लबचा, उल्लेख केला, आणि या महिन्याच्या टपालात व्हिसा, आईवडिलांचा विमा आणि इथल्या थंडीत विरजण का लागत नाही हे नेहमीचे मानकरी मागे पडून होड्याच पुढे आल्या. मी मूळची वेंगुर्ल्याची, आता बरीच वर्षं नॉटिंगहॅमची. ट्रेंट नदीवरच्या एका क्लबच्या सहली ठरवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे कोणाला न्यायचं हे ठरवायचं आणि कोणाला ‘या वेळी नको’ हेही सांगायचं. तेव्हा खालची उत्तरं त्या खुर्चीत बसून दिलेली आहेत, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरचा, वय ४६, राहणार रेडिंग. पंचगंगेत पोहायला शिकलो. इथे टेम्स घरापासून चालत जाण्यासारखी आहे आणि शनिवारी रंगीत होड्यांतून मंडळी मजेत जाताना दिसतात. मलाही एखाद्या क्लबबरोबर जायचंय. सेलमध्ये एक हवा भरायची, दोघांची कयाक बघून ठेवली आहे. आधी ती घेतो, चार शनिवार हात बसवतो आणि मग क्लबमध्ये जातो. नवशिका म्हणून तिथे हसं करून घ्यायचं नाही. बरोबर आहे ना?

उत्तर : उलटं करा. होडी सगळ्यात शेवटी.

क्लबकडे स्वतःच्या होड्या असतात, वल्ही असतात, बॉयन्सी एड म्हणजे अंगात घालायची तरंगती बंडी असते, आणि सुरुवातीचे महिने हे सगळं वर्गणीत किंवा थोड्या भाड्यात वापरायला मिळतं. त्या काळात तुम्ही रुंद बुडाच्या कयाकमध्ये बसाल, शर्यतीच्या अरुंद आणि सारख्या डुगडुगणाऱ्या कयाकमध्ये बसाल (आणि पडाल), गुडघे टेकून एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची उघडी कनू वापरून बघाल. यातलं तुमच्या कमरेला आणि स्वभावाला काय मानवतं, ते सेलच्या जाहिरातीवरून कळत नाही. हवेची होडी शांत तळ्यात ठीकच. टेम्सवर आडवा वारा सुटला की ती तुमच्यापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकते, आणि बाकीचे सगळे तुमच्यासाठी थांबून राहतात.

पैसे भरण्याआधी एक करा. उन्हाळ्यात बहुतेक क्लब आठवड्यातून एका संध्याकाळी पाण्यावर असतात. त्या संध्याकाळी जा आणि नुसते काठावर उभे राहा. पुढे सफाईने निघून जाणाऱ्यांकडे बघू नका, तसे चार जण कुठल्याही क्लबमध्ये असतात. सगळ्यात मागची होडी बघा. ती स्वतःभोवती फिरत असेल, आतला माणूस लालबुंद झाला असेल. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर कोणी आहे का? जो आहे तो हसतखेळत हळू वल्हवतोय, की घड्याळाकडे बघतोय? पुढचे वळणावर थांबले, तर मागचा पोचल्यावर त्यालाही दम खायला मिळतो, की तो पोचताक्षणी ‘चला’ म्हणून सगळे सुटतात? ही शेवटची खोड मी चांगल्या नावाजलेल्या क्लबांतही पाहिली आहे. पुढच्यांची विश्रांती दर वेळी होते, मागच्याची एकदाही होत नाही, आणि पाण्यात पडतो तो दमलेलाच.

होड्या परत काठाला लागल्यावरही पाच मिनिटं थांबा. त्या धुऊन मांडणीवर कोण ठेवतं, आणि कोण गाडीची किल्ली फिरवत निघून जातं? कोणी आपणहून तुमच्याजवळ येऊन ‘बघायला आलात का’ म्हणून विचारलं? पहिल्यांदा आलेल्या माणसाशी जो बोलतो, तोच पुढे सहलीत तुमच्यासाठी थांबणारा असतो, असा माझा अनुभव आहे.

आवडला क्लब, तर ‘येऊन बघा’ प्रकारचं एखादं सत्र करा. बहुतेक ठिकाणी असतं. पुढे वर्षाची वर्गणी भरायची. ती क्लबनुसार बदलते, पण तुमच्या सेलच्या होडीपेक्षा नक्की कमी. बरेच क्लब पॅडल यूके या वल्हवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेशी जोडलेले असतात. २०२४ पर्यंत हिचंच नाव ब्रिटिश कनूइंग होतं. तिचं वैयक्तिक सदस्यत्व घेतलंत की साधारण साडेचार हजार किलोमीटर जलमार्गांचा परवाना आणि दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा त्यातच येतो. टेम्सला आणि कालव्यांना परवाना लागतो, म्हणून हे सांगितलं. इंग्लंडमध्ये दिसली नदी आणि घातली होडी असं चालत नाही. निर्विवाद हक्क असलेल्या नद्या अगदी थोड्या आहेत, आणि कुठे उतरता येतं हे क्लबच्या जुन्या लोकांना तोंडपाठ असतं. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने बरीच मोकळीक आहे, पण तुम्ही रेडिंगला.

आता सहल कशी चालते ते. सह्याद्रीत ट्रेक केला असेल तर ‘बॅक लीड’, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा, माहीत असेल, तोच इथेही असतो. लीडरच्या पुढे कोणी जायचं नाही, बॅक लीडच्या मागे कोणी राहायचं नाही. आमच्याकडे एका लीडरमागे सहा जण, त्याहून जास्त झाले तर दुसरा लीडर. वल्हं उभं धरलं म्हणजे ‘या’, डोक्यावर आडवं धरलं म्हणजे ‘थांबा’. शिट्टी एकदा म्हणजे ‘इकडे बघा’, तीनदा म्हणजे संकट. आणि नदी तुम्हाला फिरवून गाडीपाशी आणून सोडत नाही. म्हणून आधी सगळे वरच्या ठिकाणी जमतात, होड्या उतरवतात, चालक गाड्या घेऊन खालच्या ठिकाणी जातात, तिथे ठेवतात आणि एकाच गाडीत दाटीवाटीने परत येतात. हा तासभराचा उद्योग नव्या माणसाला वेळेचा खेळखंडोबा वाटतो. त्या वेळी काठावर थांबून होड्या राखायचं काम मागून घ्या, सगळ्यांशी ओळख तिथेच होते. कोरडे कपडे कुठल्या गाडीत आणि किल्ली कोणाच्या खिशात, हे निघण्याआधी मोठ्याने विचारा. एवढ्या एका प्रश्नावरून जाणता माणूस ओळखू येतो.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला खटकली. ‘चार शनिवार हात बसवतो’, म्हणजे एकटेच. टेम्सवर चाळीसहून जास्त लॉक, म्हणजे होड्या वरखाली करणारे दरवाजांचे हौद, आहेत आणि प्रत्येकाशेजारी एक तरी बंधारा. तुम्ही कोल्हापूरचे, बंधारा म्हणजे काय हे तुम्हाला काठावरून माहीत आहे. होडीतून येताना तो दिसतच नाही. समोर पाण्याची एक सरळ रेघ दिसते, आणि तिच्यापलीकडे बुंध्यांशिवाय झाडांचे नुसते शेंडे. आवाज येतो, पण वारा उलटा असेल तर उशिरा. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी तळाशी जाऊन पुढे निघतं आणि पृष्ठभागावर मात्र उलटं फिरून बंधाऱ्याकडेच येतं. त्या पट्ट्यात सापडलेला ओंडका तासन्‌तास तिथल्या तिथे लोळताना मी पाहिला आहे. माणसाचंही तेच होतं, बंडी अंगात असली तरी.

३० ऑक्टोबर २०२१ला वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्टला पॅडलबोर्डवाल्यांचा (फळीवर उभं राहून वल्हवणाऱ्यांचा) एक गट पावसाने फुगलेल्या नदीतून शहरातल्या बंधाऱ्यावर गेला आणि चौघं दगावली. ती सहल पैसे देऊन केलेली होती. ती नेणाऱ्या कंपनीच्या मालकिणीला २०२५ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. पैसे घेतले म्हणजे पुढे चालणाऱ्याला नदी कळते असं नाही, आणि क्लबच्या बाबतीतही हे तपासूनच घ्यायचं असतं. ‘बंधारा आला तर काय करता?’ असं लीडरला विचारा. ‘त्याच्या बरंच आधी काठाला लागतो आणि होड्या उचलून खाली नेतो’ असं साधं, कंटाळवाणं उत्तर आलं की समजा माणूस बरा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका, हे तुमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. टेम्सवर हे काम लॉकवरच्या पाट्या करतात. लाल म्हणजे जोराचा प्रवाह, कोणीच निघू नये. पिवळी म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, आणि ‘ओसरतोय’ असं लिहिलेलं असलं तरी वल्ह्याच्या होड्यांनी उतरू नये असाच सल्ला असतो. नवे लोक नेमके त्या ‘ओसरतोय’ला भुलतात.

पंचगंगेतलं पोहणं उपयोगी पडेल, पण पुरणार नाही. इथे १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की छातीत धस्स होऊन श्वास आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असलं तरी. जानेवारीत नदी पाच-सहा अंशांवर असते. अशा वेळी पोहायला लागू नका. मागे रेला, कान पाण्यात जाऊ द्या, श्वास ताळ्यावर येईपर्यंत नुसते तरंगा. एक-दीड मिनिटात तो धक्का ओसरतो. मग पोहा. आणि कपडे हवेला साजेसे नव्हे, पाण्याला साजेसे घाला. एप्रिलमध्ये कडक ऊन पडतं तेव्हा हवा वीस अंश आणि पाणी दहा, असं सर्रास असतं.

हसं होण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे पहिल्याच महिन्यात सगळ्यांना मुद्दाम उलटवतात. हसायला कोणी कोरडा उरतच नाही.

प्रश्न : वय ५२, लेस्टर. पोहता येतं म्हणजे तरणतलावाची रुंदी कशीबशी पार करते. उजवा गुडघा कुरकुरतो. ऑफिसातली मैत्रीण क्लबमध्ये ये म्हणून मागे लागली आहे. होडी उलटली आणि मी आत अडकले तर, ही खरी भीती. शिवाय घालायचं काय, बदलायचं कुठे? त्यांच्यात मी एकटीच भारतीय बाई असणार.

उत्तर : बहुतेक क्लब कपड्यांनिशी ५० मीटर पोहता येतं का ते विचारतात. ते येत नसेल तर खोटं सांगू नका. हिवाळ्यात क्लब तरणतलाव भाड्याने घेऊन आत होड्या उतरवतात. तुमची सुरुवात तिथून व्हावी. कोमट पाणी, उजेड, कंबरेएवढी खोली, शेजारी उभा माणूस.

उलटण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती सांगून जात नाही, करूनच जाते. बंद कयाकमध्ये कमरेभोवती स्प्रेडेक नावाचा रबरी घागरा असतो. त्याची पुढची दोरी मोकळी राहिलीय ना, हे बसल्या बसल्या हात लावून बघायचं, दर वेळी. उलटलात की पुढे वाका, दोन्ही हात पाण्याबाहेर काढून होडीच्या बुडावर तीनदा थापटा. मग दोरी पुढे ओढा, घागरा सुटतो. हात कमरेशी आणा आणि सलवार उतरवावी तशी होडी अंगावरून उतरवा. आपण होडीतून बाहेर येत नाही, होडी आपल्यावरून निघते. बंडी तुम्हाला वर आणते. हे सगळं सहा-सात सेकंदांचं काम आहे आणि पहिल्या खेपेला ते फार लांब वाटतं. नाकात पाणी जाईल. नाकाचा चिमटा मिळतो, खुशाल लावा. घागरा नकोच असेल तर पहिलं वर्ष उघड्या कनूमध्ये काढा, तिच्यात अडकायला काही नसतंच.

गुडघ्याचं आधी सांगा, लाजू नका. उघड्या कनूमध्ये गुडघे टेकायचे असतात हे खरं, पण तिला बैठकही असते, आणि शांत पाण्यावर बैठकीवर बसून चालतं. त्रास वल्हवताना कमी आणि घाटावरून चढता-उतरताना जास्त होतो. दोघांनी होडी धरली की तोही जातो.

कपडे : सुती काहीही नको. जीन्स तर नकोच. दर मोसमात कोणीतरी जीन्स घालून येतो आणि उरलेला दिवस कुडकुडत काढतो. लेगिंग्ज, वर लोकरीचं किंवा फ्लीसचं, त्यावर वारा अडवणारं जाकीट, पायात ओले झाले तरी चालतील असे घट्ट बूट. क्लबकडे वेटसूट असतील तर मागा. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी. चष्म्याला दोरी. कपडे बदलणं अनेकदा गाड्यांच्या तळावरच होतं, घोट्यापर्यंतचा बदलझगा घालून त्याच्या आत. इथल्या बाया तो झगा घालून गप्पा मारत सगळं उरकतात. आपल्याकडे नदीकाठी साडी बदलणाऱ्या बायकांना यात नवीन काय वाटणार!

एकट्या असाल का? पहिल्या दिवशी बहुधा हो. काही क्लब फक्त बायकांचं सत्र ठेवतात, विचारून बघा. आणि मैत्रीण आहेच की.

प्रश्न : लीड्सजवळच्या क्लबची मी एप्रिलपासून सदस्य आहे. बुधवारच्या कालव्यावरच्या सत्रांना जमेल तशी जाते. ऑक्टोबरात डेव्हनला डार्ट नदीवर शनिवार-रविवारची सहल होती. लीडरने मला ‘अजून नको’ म्हटलं. माझ्यानंतर जूनमध्ये आलेल्या दोघांना मात्र नेलं. क्लबमध्ये मी एकटीच भारतीय. नवरा म्हणतो सोडून दे. वर्णभेद आहे असं म्हणू का मी?

उत्तर : आधी नदीचं बोलू, मग माणसांचं.

पाण्याच्या एक ते सहा श्रेणी असतात. बुधवारी तुम्ही कालव्यावर वल्हवता, ते पाणी श्रेणीतच येत नाही. डार्टचा लोकप्रिय टप्पा न्यूब्रिजपासून खाली होन ब्रिजपर्यंतचा. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचं पाणी आहे, आणि डार्टमूरच्या माळावर पाऊस झाला की ती काही तासांत चढते. अशा नदीत खडकामागे एक शांत खिसा असतो, त्याला एडी म्हणतात. थांबायचं तिथे, दम खायचा तिथे, पुढचं बघायचं तिथून. त्या खिशातून धावत्या पाण्यात होडीचं नाक घातलं की पाणी ते झटक्याने खाली वळवतं. त्या क्षणी प्रवाह जातो त्याच दिशेला कलायचं असतं, आणि घाबरलेलं शरीर नेमकं उलटीकडे कलतं. मग प्रवाह होडीच्या कडेवर चढतो आणि तुम्ही पाण्यात. हे कालव्यावर शिकताच येत नाही. कालव्यावरच्या माणसाला मीही डार्टवर नेणार नाही, मग तो वेंगुर्ल्याचा सख्खा भाऊ का असेना. एकाला वाचवायला दोघं गुंततात आणि बाकीचे चौघं वाऱ्यावर राहतात.

आता माणसं. ते दोघे आधी दुसरीकडे शिकून आलेले असतील, तसं बऱ्याचदा असतं. पण असतीलच असं मी इथे बसून म्हणणार नाही. लीडरला सरळ विचारा : ‘पुढच्या वेळी तुम्ही हो म्हणावं यासाठी मला काय काय यायला हवं?’ त्याने मोजून सांगितलं, की एडीत दोन्ही बाजूंनी शिरता-निघता आलं पाहिजे, खळाळातून पाय पुढे करून पोहून दाखवलं पाहिजे, स्वतःची होडी काठाला आणता आली पाहिजे, आणि हे अमुक दिवशी शिकवतो, तर तो तुम्हाला न्यायला तयार आहे. ‘बघू’, ‘अनुभव हवा’, ‘जमेल हळूहळू’ अशी वाफ निघाली तर पुन्हा एकदा विचारा, या वेळी लेखी. त्यानंतरही वाफच आली तर समितीकडे जा. क्लबला वार्षिक सभा असते, बहुतेक ठिकाणी वेलफेअर ऑफिसर असतो, आणि क्लब पॅडल यूकेशी जोडलेला असेल तर तिथे तक्रारीची रीत आहे. त्या दोघांची आणि तुमची तयारी सारखी असूनही तुम्हाला डावललं असेल, तर मग हवा तो शब्द वापरा, मी अडवणार नाही.

एक तिसरी शक्यताही आहे, आणि मला तीच जास्त दिसते. सहली बुधवारी पाण्यावर ठरत नाहीत, त्या नंतर पबमध्ये ठरतात. जो थांबतो त्याचं नाव लीडरच्या डोक्यात राहतं. आपण ‘घरी स्वयंपाक आहे’ म्हणून निघतो, दारू नको म्हणून निघतो, आणि मग ‘कोण कोण येतंय?’ या प्रश्नाच्या वेळी तिथे नसतो. यात मुद्दाम कोणी काही करत नाही, पण बाहेर राहणारे मात्र दर वेळी तेच. हा क्लबचा दोष आहे. सहलीची सूचना आणि तिला लागणारी पात्रता सगळ्यांना लिहून गेली पाहिजे. मी सहली ठरवायला लागल्यावर पहिली तीच सवय लावली आणि जुन्या मंडळींची कुरकुर ऐकून घेतली. तुमच्या क्लबला हे सुचवा. आणि जमलं तर महिन्यातून एकदा लिंबूपाणी घेऊन त्या टेबलावर बसा. पटत नसेल तर नका बसू.

मधल्या काळात डार्टचा हट्ट सोडून वाय नदीची सहल मागा. केर्न ब्रिजपासून सायमंड्स याटपर्यंतचं पाणी सोपं, काठ सुंदर आणि शेवटी एक छोटासा खळाळ. एडीत शिरण्याचे पहिले धडे तिथे बरे होतात.

प्रश्न : मी पुण्यात असते, वय २९. गोव्यात खारफुटीतून तासभर कयाक चालवली आणि वेड लागलं. तुमच्याकडे क्लब आहेत, इथे नुसते तासावर भाडं घेणारे. काय करू?

उत्तर : तू म्हणतेस ते बरंचसं खरं आहे. आपल्याकडे होडी भाड्याने मिळते, सोबत मिळत नाही. भारतीय कयाकिंग आणि कनूइंग संघटना आहे, पण तिचा भर शर्यतींवर. वाहत्या पाण्यासाठी पुण्याहून जवळ कोलाड. कुंडलिकेतलं ते पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडतात, म्हणून राफ्टिंग सकाळी असतं. पाणी सोडलं नाही तर नदी नाही. तिथल्या राफ्टिंगवाल्यांत कयाक चालवणारी पोरं असतात, त्यांच्याकडून शिक. गोव्यात पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षकाचे अभ्यासक्रम घेते. तुमचा गट जमला की त्यातल्या एकीने तरी तो करावा.

मग आपला गट आपणच बांधायचा. तीनपेक्षा कमी होड्या कधीही नकोत : एक उलटली, दुसरी तिला धरते, तिसरी वाहून चाललेलं वल्हं आणते किंवा मदत बोलावते. धरणाच्या जलाशयात सकाळी लवकर जायचं, दुपारनंतर वारा उठतो. पावसाळ्यात घरी बसायचं.

कोकणातल्या खाडीत जाणार असलीस तर कालनिर्णय उघड. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हे आमच्याकडे होडीवाल्यांना कधी कागदावर मांडावं लागत नाही. एकादशी धर : अकराची पाऊणपट सव्वाआठ. साडेसहाला भरतीबरोबर खाडीत आत शिरायचं, सव्वाआठच्या सुमाराला पाणी थबकतं तेव्हा वळायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं. दोन्ही वेळा पाणीच नेतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नव्या माणसाने जाऊ नये, ओढ फार असते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, ती सौम्य. उशीर केलास तर खारफुटीत पाणी ओसरतं आणि होडी चिखलात बसते. मग पुढची भरती येईपर्यंत डासांशी गप्पा. ढोबळ वेळ ही ढोबळच, त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघून नक्की कर आणि गावातल्या एका मच्छीमाराला विचार. तो नको म्हणाला तर नको.

एकादशीचा उपास असेल तर शेंगदाण्याचा लाडू जवळ ठेव आणि पाणी पी.

प्रश्न : सहलीला डबा काय न्यावा? इतरांना आपल्या खाण्याचा वास तर येणार नाही? (एक गृहस्थ, मिल्टन कीन्स)

उत्तर : येऊ द्या. दशम्या आणि लसणाची चटणी न्या, थर्मासमध्ये चहा न्या, दोन दशम्या जास्तच न्या. पोळीभाजी नको, रस्सा ड्राय बॅगेत (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत) सांडला की ती बॅग कायमची गेली. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा ड्राय बॅगेत, बॅग होडीला बांधलेली.

मात्र हात धुतल्याशिवाय खाऊ नका. मुंबईत पावसाळ्यात ज्या लेप्टोची धास्ती असते तो इथल्या नद्यांतही आहे, उंदरांच्या मुतातूनच येतो, आणि मोठा पाऊस झाल्यावर गटारांचं पाणीही नदीत सोडतात. हाताला ओरखडा असेल तर निघण्याआधी पाणी न शिरणारी पट्टी लावा. साबणाची छोटी बाटली आणि पिण्याचं जादा पाणी डब्याच्याच बॅगेत ठेवा, म्हणजे विसरणार नाही. सहलीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला आणि अंग मोडून दुखलं, तर डॉक्टरांना ‘मी नदीत होतो’ हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.